वाजविणाऱ्यांनाही नावे असतात

आपल्या समाजाच्या मेळाव्यांत, विशेषतः नाताळाच्या सुमारास, एक वाक्य हमखास कानी पडते. ‘हिंदी चित्रपटसंगीत आपल्या माणसांनी घडविले,’ असे वक्ता म्हणतो, टाळ्या पडतात आणि सभा चहापानाकडे वळते. विधान पुष्कळ अंशी खरे आहे. परंतु त्या ‘आपल्या माणसां’पैकी पाच जणांची नावे सांगा, असे त्या वक्त्याला कोणी उठून विचारीत नाही, आणि विचारलेच तर उत्तर मिळेल अशी आम्हांला फारशी आशा नाही. ज्यांची नावेही ठाऊक नाहीत त्यांच्या कर्तृत्वावर मिशीला पीळ भरणे ही हौस झाली; तिला कृतज्ञता म्हणता येत नाही.

आमचे म्हणणे प्रारंभीच स्पष्ट करतो. ज्या वादकांना आपण आज घडवीत नाही, ज्यांना योग्य मोबदला देत नाही आणि ज्यांची नावे लिहून ठेवीत नाही, त्यांच्या पूर्वजांच्या कीर्तीवर आपला वारसा सांगता येणार नाही. वारसा सांगायचाच असेल तर तो मुंबईच्या स्टुडिओंकडे बोट दाखवून सिद्ध होत नाही. तो जळगाव, भुसावळ, धुळे येथील आपापल्या धर्मग्रामात, रविवारच्या मिस्सेला वाद्याजवळ बसलेल्या पोरापोरींच्या बाबतीत सिद्ध करावा लागतो. दुर्दैवाने तेथेच आपली झोळी रिकामी आहे.

खानदेशातील लग्नसराई ज्यांनी पाहिली आहे त्यांना ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ सालच्या चित्रपटातील ते प्रसिद्ध गाणे वेगळे सांगावयास नको. मोठ्या अंड्यातून बाहेर पडणारा, उंच टोपी घातलेला, मजेशीर बडबड करणारा ख्रिस्ती तरुण त्यात आपले नाव अँथनी गोन्साल्विस असल्याचे सांगतो. वरातीपुढच्या बँडने हे गाणे घरोघर नेले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्या पोरांच्या तोंडी हे नाव बसले. मात्र या नावाचा खरोखरचा माणूस होऊन गेला, हे आपल्यापैकी किती कुटुंबांना ठाऊक आहे?

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील माजोर्डा या गावी झाला. वडील चर्चमधील गायकवृंदाचे मेस्त. मुलाचे पहिले शिक्षण त्यांच्याच हाताखाली झाले. १९४३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, हा मुलगा व्हायोलिन घेऊन मुंबईस आला आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात दाखल झाला. पुढे तो उत्तम वादक झाला, संगीत-संयोजक झाला आणि शिक्षकही झाला. प्यारेलाल शर्मा आणि राहुलदेव बर्मन हे त्याचे शिष्य. १९५८ मध्ये त्याने ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. रागांवर आधारलेल्या आपल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वाजवून घेतल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्याच्यासाठी गायले. १९६५ मध्ये तो अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेला. परतल्यावर चित्रपटसृष्टीकडे पाठ फिरवून माजोर्ड्यात शांतपणे राहिला आणि १८ जानेवारी २०१२ रोजी निवर्तला. शिष्य प्यारेलाल यांनी त्या गाण्यातून गुरूला वंदन केले होते. गुरूचे नाव अमर करण्याचे काम एका हिंदू शिष्याने केले. ज्या समाजाने त्या गुरूला व्हायोलिन शिकविले, त्या समाजाने मात्र ते नाव विनोदी पात्राचे म्हणूनच स्वीकारले.

ही माणसे चित्रपटात आली ती योगायोगाने नव्हे. सोळाव्या शतकापासून गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वर वाचावयास शिकविले जाई. पोर्तुगीज सत्तेच्या काळात या धर्मग्राम-शाळांतील मेस्तांनी शेतकऱ्यांच्या, रेंदेरांच्या, खलाशांच्या मुलांच्या हाती व्हायोलिन दिले आणि डोळ्यांपुढे पाच रेघांचे स्वरलेखन ठेवले. मुंबईत मूकपटांच्या थिएटरांत पडद्याखाली बसून वाजविण्यासाठी अशी माणसे लागत. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला, थिएटरांतील ती कामे गेली, आणि हेच वादक हॉटेलांच्या बँडमध्ये व पुढे स्टुडिओंत शिरले.

स्टुडिओला त्यांची गरज कशासाठी होती, हेही समजून घेतले पाहिजे. आपले रागसंगीत एका वेळी एकच स्वरपंक्ती चालविते. अनेक स्वर एकाच वेळी निरनिराळ्या वाद्यांवर जुळवून उभी केलेली हार्मनी ही चर्चच्या चार आवाजांच्या कोयरातून आलेली विद्या. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल ऐकवी. संयोजक ती लिहून घेई, तिच्याभोवती व्हायोलिनांचे, ट्रम्पेटचे, पियानोचे स्वर रची, प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद तयार करी. आणि समोर बसलेले चाळीस-पन्नास वादक तो कागद पाहताक्षणी वाजवीत. गायक आणि वाद्यवृंद एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत असल्याने एकाची चूक झाली की सगळ्यांना पहिल्यापासून वाजवावे लागे. अशा कामात हातखंडा असलेले सेबास्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवीत. मुंबईस आल्यावर ते ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांचे संयोजक झाले. ज्या व्हायोलिनांच्या लाटा ऐकून आपण ‘वा! शंकर-जयकिशन!’ म्हणतो, त्या लाटा कागदावर उतरविणारा हात सेबास्टियनचा होता.

हॉटेलांतील बँडने या वादकांना दुसरी विद्या दिली, ती जॅझची. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत येऊन वाजवीत. फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोव्याचे वादक त्यांच्या शेजारी बसून शिकले. आल्दोना गावचे अँटोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवू लागले. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ या १९५१ सालच्या चित्रपटाच्या संगीतात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. हे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, मूळचे कोठले? तर पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. आपल्या नाशिक धर्मप्रांताच्याच मुलखातले. गोदाकाठच्या मराठी संगीतकाराने आणि आल्दोन्याच्या ख्रिस्ती ट्रम्पेटवाल्याने मिळून जे संगीत निर्माण केले, त्यावर सारा देश नाचला. ‘हे आपले नव्हे’ असे म्हणण्यापूर्वी ही जोडी आठवावी.

या संगीताचे श्रेय कोणास मिळाले? चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीत दिग्दर्शकाचे नाव ठळक अक्षरांत येई. साहाय्यक म्हणून कधी ‘सेबास्टियन’ असा एक शब्द झळके. परंतु वाद्यवृंदातील पन्नास माणसांची नावे पडद्यावरही येत नसत आणि तबकडीच्या वेष्टनावरही येत नसत. काम संपले की त्या दिवसाचे पैसे हाती पडत, आणि वादक लोकलने घरी जाई. पुढे रेडिओवर ते गाणे हजार वेळा वाजो, त्याचा आणि वाजविणाऱ्याचा संबंध तेथेच संपला.

येथे अमेरिकेकडे एक दृष्टिक्षेप टाकणे अप्रस्तुत होणार नाही. तेथेही चित्रपटातील गाणी लोकप्रिय झाली. परंतु त्यांचे पुढे जे झाले ते निराळे होते. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, थेलोनियस मंक आणि पियानोवादक बड पॉवेल यांनी ‘बीबॉप’ नावाची जॅझची नवी रीत उभी केली. एखादी परिचित चाल घ्यावयाची, तिचा स्वरमेळांचा सांगाडा तेवढा कायम ठेवावयाचा आणि त्यावर अतिजलद लयीत तत्काळ सुचेल ते नवे बांधकाम करावयाचे, ही ती रीत. आपल्याकडचा कीर्तनकार सर्वांना पाठ असलेला एकच अभंग घेऊन तासभर निरूपण रंगवितो. काहीसा तसाच प्रकार. अशा रीतीने पुन्हा पुन्हा वाजविल्या गेलेल्या, सर्व वादकांना ठाऊक असलेल्या चिजेला तेथे ‘स्टँडर्ड’ म्हणतात.

अशा कितीतरी चिजा चित्रपटांतून आल्या. १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधील इंद्रधनुष्याचे बालगीत बड पॉवेलने १९५१ मध्ये एकट्याने पियानोवर ध्वनिमुद्रित केले. १९४४ च्या एका भुताटकीच्या चित्रपटासाठी व्हिक्टर यंग यांनी केलेली ‘स्टेला बाय स्टारलाइट’ ही चाल आज जगभरच्या जॅझवादकांना पाठ आहे. डिस्नेच्या १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’ या मुलांच्या चित्रपटातील राजकन्येचे गाणे बिल इव्हान्स या पियानोवादकाने १९५९ मध्ये फक्त दोन साथीदारांसह वाजविले. त्या दोघांची नावे स्कॉट लाफारो आणि पॉल मोशन. आज साठ-पासष्ट वर्षांनंतर खानदेशात बसून आम्ही ती लिहू शकतो, कारण ती ध्वनिमुद्रिकेवर नोंदलेली आहेत. पियानो कोणी वाजविला, बास कोणी धरला, ड्रम कोणी सांभाळला, हे सर्व तेथे नावानिशी सापडते. वादकांचे हाल तेथेही झाले. कृष्णवर्णीय कलावंतांना तर मानहानीही सोसावी लागली. परंतु त्यांचे नाव त्यांच्या वादनापासून तोडले गेले नाही. त्यामुळे पुढच्या पिढीच्या मुलाला कोणाचे ऐकावे आणि कोणाकडून शिकावे हे कळले.

आपल्याकडे असे घडू शकले असते काय? निश्चित घडू शकले असते, आणि एकदा तसे घडण्याच्या अगदी जवळ आपण पोहोचलो होतो. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांनी ‘रागा जॅझ स्टाईल’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात चित्रपटातील गाणी नाहीत. चित्रपटाच्या वाद्यवृंदातील निवडक वादकांचा छोटा संच बसवून तोडी, भैरव, मालकंस, भैरवी असे अकरा राग त्यांनी जॅझच्या अंगाने मांडले आहेत. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, तबल्यावर रमाकांत, गिटारवर दिलीप नाईक आणि अनिबाल कॅस्ट्रो, ट्रम्पेटवर जॉन परेरा, बासवर एडी ट्रॅव्हास, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो आणि पियानोवर ल्यूसिला. ही नावे पुन्हा एकदा सावकाश वाचावीत. मुसलमान, सिंग आडनावाचा, मराठी, गोव्याचे ख्रिस्ती असे सगळे एका खोलीत बसले आहेत. आणि पुरुषांच्या त्या जगात पियानोवर एक स्त्री आहे. एवढी नावे आज हाती असल्यामुळेच या ध्वनिमुद्रिकेविषयी आपण माणसांविषयी बोलावे तसे बोलू शकतो. ज्या शेकडो गाण्यांत हीच माणसे वाजली, तेथे त्यांचा फक्त आवाज उरला आहे.

या मार्गावर आणखीही काही ख्रिस्ती वादक चालले. पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांनी अकॉर्डियनवर आणि व्हॅन शिपली यांनी विजेच्या गिटारवर हिंदी चित्रगीते वाजवून त्यांच्या तबकड्या काढल्या. त्यांची नावे वेष्टनावर ठळक छापली गेली, म्हणून ती रसिकांच्या ध्यानात राहिली. एवढ्या एका गोष्टीने काय फरक पडतो, हे त्यावरून ताडावे.

आता आपल्याच घराकडे वळू. चित्रपटसृष्टीने नावे दडविली हे खरे. परंतु आपण काय केले? पहिली गोष्ट अशी की पियानोला आपल्या चर्चमध्येच जागा नव्हती. दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पवित्र संगीताविषयी जो आदेश काढला, त्यात चर्चमध्ये पियानो वाजविण्यास स्पष्ट मनाई होती. ढोल, झांजा यांनाही होती. त्या काळी इटलीतील चर्चमध्ये नाटकी ऑपेराचे सूर घुसले होते, त्यांना आवर घालण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्यामागील हेतूविषयी आम्हांला आदरच आहे. मात्र त्याचा व्यावहारिक परिणाम असा झाला की स्वर वाचणे चर्चने शिकविले आणि पोट भरण्यासाठी वादकाला हॉटेलाकडे व स्टुडिओकडे जावे लागले. तेथे तो गेला की घरची वडीलधारी मंडळी म्हणत, ‘पोरगे हॉटेलात वाजविते!’ मुलीच्या स्थळाची चौकशी करताना हे वाक्य आवाज खाली करून उच्चारले जाई. विद्या आपली, आणि तिच्यावर मिळविलेली भाकरी मात्र हलकी, असा हा अजब न्याय होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हे चित्र पालटले. ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झालेल्या उपासनेविषयीच्या संविधानात एक संपूर्ण प्रकरण संगीतावर आहे. त्यातील ११५ व्या कलमात गुरुविद्यालये, व्रतस्थांची शिक्षणगृहे आणि इतर सर्व कॅथोलिक संस्था व शाळा यांत संगीताच्या शिक्षणाला मोठे महत्त्व द्यावे आणि त्यासाठी शिक्षक काळजीपूर्वक तयार करावेत, असे सांगितले आहे. ११९ व्या कलमात मिशन-प्रदेशातील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेचा मान राखण्यास सांगितले आहे, तर १२० व्या कलमाने पाइप ऑर्गनला मान देऊन इतर योग्य वाद्यांनाही दार उघडले आहे. या घटनेला साठ वर्षे उलटून गेली. आमचा प्रश्न साधा आहे. आपल्या खानदेशातील किती कॅथोलिक शाळांत आज स्वर वाचावयास शिकविणारा पूर्णवेळ शिक्षक आहे? संगणकाचा तास आहे, इंग्रजी संभाषणाचा वर्ग आहे, वार्षिक संमेलनात चित्रपटगीतांवरील नाचही आहेत. त्या नाचासाठी आठवडाभर लाउडस्पीकरवर ध्वनिफीत वाजते. परंतु त्याच गाण्यातील व्हायोलिनची एक ओळ लिहून मुलांकडून वाजवून घेणारा कोणी नाही.

चर्चमध्ये तरी काय आढळते? कीबोर्ड आहे, त्यावर झालर लावलेले आच्छादन आहे, आणि त्याला कुलूप आहे. रविवारी ते निघते. वाजविणारा मुलगा डाव्या हाताने एक कळ दाबतो आणि यंत्रातला ठेका सुरू होतो. सर्व भक्तिगीतांना दोन किंवा तीन ठेके पुरतात. कित्येक ठिकाणी लग्नाच्या मिस्सेत तेवढाही त्रास घेतला जात नाही. भ्रमणध्वनीवरील तयार साथ लाउडस्पीकरला जोडतात आणि गायकवृंद तिच्यामागे धावतो. येथे एका जुन्या दस्तऐवजाची आठवण करून द्यावीशी वाटते. बारावे पायस यांच्या कारकिर्दीत, ३ सप्टेंबर १९५८ रोजी, रोमच्या विधी-मंडळाने काढलेल्या सूचनापत्राने ग्रामोफोन, रेडिओ, टेप यांसारख्या आपोआप वाजणाऱ्या यंत्रांना उपासनाविधीत सक्त मनाई केली होती. कारण उघड आहे. उपासना ही जिवंत माणसांनी करावयाची असते. यंत्र माणसाऐवजी प्रार्थना करू शकत नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांत सिंथेसायझरने व संगणकाने मुंबईच्या स्टुडिओंतील मोठे वाद्यवृंद संपविले, तेव्हा आपण हळहळलो. तेच यंत्र आपण आता वेदीशेजारी आणून ठेवले आहे. स्टुडिओवाल्यांना निदान पैसे वाचवावयाचे होते. आपल्याला काय वाचवावयाचे आहे?

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की जॅझ, चित्रपटगीते हे ऐहिक संगीत. धर्मग्रामाचा त्याच्याशी काय संबंध? मिस्सेत चित्रपटाच्या चाली वाजवाव्यात असे आम्ही कोठेही म्हटलेले नाही, आणि कोणी तसे केले तर आमचा विरोधच राहील. उपासनेला शोभणारे आणि न शोभणारे यांतील भेद १९६७ च्या संगीतविषयक सूचनापत्रातही राखलेला आहे. परंतु ज्या मुलाला सोमवारी पियानोवर चित्रपटातील एखादी चाल फुलविता येते, तोच रविवारी स्तोत्राला जिवंत साथ देऊ शकतो. बोटे एकच असतात. चर्चपुरतेच वाजव, बाहेर वाजवू नकोस, असे सांगणारा समाज त्या मुलाला उपाशी ठेवतो. आणि बाहेरच वाजव, आम्हांला यंत्र पुरे आहे, असे सांगणारा त्याला घालवून देतो. आपण दोन्ही करतो.

दुसरा आक्षेप असा की हे सारे गोव्याचे लोक. त्यांच्याशी आम्हा खानदेशी मराठी ख्रिस्ती लोकांचा संबंध काय? या आक्षेपात थोडी दुखावलेली अस्मिता आहे, ती आम्ही समजू शकतो. मुंबईच्या चर्चमध्ये मराठी माणसाला मागच्या बाकावर बसावे लागल्याच्या आठवणी पुष्कळांच्या मनात आहेत. तरीही हा आक्षेप टिकत नाही. रेल्वेच्या नोकरीने भुसावळला आलेल्या गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या शेजारी बसूनच आपल्यातील अनेकांनी मिस्सा ऐकली आहे. ज्या ‘ख्रिस्तपुराणा’चा मराठी ख्रिस्ती साहित्याचा मानदंड म्हणून आपण अभिमान बाळगतो, ते एका इंग्रज जेझुइटाने, फादर स्टीफन्स यांनी, गोव्यात बसून रचले आणि १६१६ मध्ये तेथेच छापले गेले. ते आपले, आणि त्याच भूमीतील व्हायोलिन परके, हे कसे? उलट, आपली स्वतःची वाद्येही आपण कोठे सांभाळली आहेत? साक्री-पिंपळनेरच्या पट्ट्यातील आदिवासी बांधव भोपळ्याची व शिंगाची पावरी फुंकतात, तेव्हा डोंगर जागा होतो. ११९ वे कलम त्या पावरीविषयीच बोलत आहे. ती किती चर्चमध्ये ऐकू येते? परक्याचा पियानो नको आणि घरची पावरीही नको. मग उरते ते कारखान्यात भरलेल्या ठेक्याचे यंत्र, आणि ते तर कोणाच्याच मातीतले नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. आपले धर्मग्राम लहान, लोक कष्टकरी, शिक्षकाचा पगार कोठून आणावयाचा? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतला असता, जर लग्नांतील मंडप, रोषणाई आणि डी.जे. पाहिला नसता. गावाच्या खिडक्या हादरविणाऱ्या त्या एका रात्रीसाठी कर्ज काढणारे कुटुंब मिस्सेत वाजविणाऱ्या मुलाच्या हातावर नारळ आणि गुलाबाचे फूल ठेवते. ‘देवाचे काम आहे, पैसे कसले मागायचे?’ असे वर ऐकविते. देवाचे काम तर मंडपवाल्याचेही म्हणता येईल. त्याला मात्र आगाऊ रक्कम पोहोचते. श्रमकऱ्याला त्याचे वेतन मिळाले पाहिजे, ही शिकवण लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात खुद्द प्रभूने दिलेली आहे. संगीताचा कारागीर त्यातून वगळलेला आम्हांला तरी आढळला नाही.

जे पवित्र शास्त्र आपण घरोघर ठेवतो, त्यातील पहिला इतिहास या ग्रंथाचा पंचविसावा अध्याय आज संध्याकाळी कुटुंबासह वाचावा, अशी आमची विनंती आहे. कंटाळवाणी नावांची यादी म्हणून आपण तो नेहमी ओलांडून जातो. ती यादी वादकांची आहे. आसाफ, हेमान आणि यदुथून यांच्या मुलांची नावे तेथे एकामागून एक दिलेली आहेत. वीणा, सतार, झांजा कोणी वाजवावयाच्या हे सांगितले आहे. शिकून तयार झालेल्यांची संख्या दोनशे अठ्ठ्याऐंशी, अशी मोजदादही आहे. लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद न करता चिठ्ठ्या टाकून त्यांच्या पाळ्या ठरविल्या आहेत. मंदिर अजून बांधलेलेही नव्हते, आणि वादकांची नावे लिहून झाली होती! देवाच्या ग्रंथाला जी नावे लिहिण्याचा कंटाळा आला नाही, ती लिहिण्यास आपल्या स्मरणिकेत जागा नसते. जाहिरातींना मात्र असते.

लिहून ठेवल्याने काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या जळगावचेच आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या ओव्या रचीत. चिरंजीव सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्या टिपून ठेवल्या, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या प्रसिद्ध झाल्या. ती वही नसती तर महाराष्ट्राची ही थोर कवयित्री एका घराच्या आठवणीतच विरून गेली असती. आपल्या मळ्यातही असे आवाज असतील. जुन्या रेल्वे क्वार्टरांत राहून नाताळाच्या नाचाला अकॉर्डियन धरणारे, खेडोपाडी पेटी खांद्यावर घेऊन कॅटेखिस्टांबरोबर हिंडणारे, मिस्सेची गीते अहिराणी वळणाने गाणारे लोक आपल्यांतच होऊन गेले. त्यांची वही कोणी केली आहे?

कायद्यानेही आता वादकाची बाजू घेतली आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचे हक्क मान्य झाले आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे, असा दावा करण्याचा हक्क त्याला मिळाला. सरकारी कायदा जे मान्य करतो ते धर्मग्रामाने मान्य करू नये, ही आपल्याला शोभणारी गोष्ट नाही.

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत, आणि त्या धर्मगुरूंकडे जितक्या आहेत तितक्याच पॅरिश कौन्सिलकडे व कुटुंबप्रमुखांकडेही आहेत. एक, जळगाव, भुसावळ आणि धुळे या तीन ठिकाणी तरी आठवड्यातून दोन दिवस स्वरलेखनाचा आणि वाद्याचा वर्ग सुरू व्हावा. एकाच शिक्षकाने तिन्ही गावे फिरून केला तरी चालेल. दोन, मिस्सेत, विशेषतः लग्नाच्या मिस्सेत, वाजविणाऱ्याला ठरलेला मोबदला द्यावा आणि तो मिस्सेपूर्वीच ठरवावा. तीन, उपासनेत तयार साथीचे यंत्र बंद व्हावे. पेटी-ढोलकीची साधी साथ चालेल, चुकलेली चालेल, पण ती जिवंत असावी. चार, नाताळाच्या व सणाच्या प्रत्येक पत्रिकेवर गायकांबरोबर वादकांची नावे छापावीत आणि धर्मग्रामात एक वही ठेवून होऊन गेलेल्यांची नावे, वाद्ये, वर्षे तीत नोंदवावीत. चौथ्या मागणीला तर एका वहीखेरीज कसलाही खर्च नाही.

आपल्या चर्चच्या दप्तरात बाप्तिस्म्याची नोंदवही असते. तीत गरिबाच्या आणि श्रीमंताच्या बाळाचे नाव सारख्याच शाईने लिहिलेले असते, कारण देव प्रत्येकाला नावाने हाक मारतो अशी आपली श्रद्धा आहे. त्याच बाळाने मोठे होऊन वाद्य हाती घेतले की आपण त्याला ‘तो कीबोर्डवाला’ म्हणू लागतो. येत्या नाताळात व्यासपीठावरून कोणी चित्रपटसंगीताचा अभिमान सांगू लागला, तर वाचकांनी त्याला नम्रपणे एवढेच विचारावे: अँथनी, सेबास्टियन, ल्यूसिला यांचे नंतर सांगा, आज सकाळच्या मिस्सेला वाजविले त्या मुलीचे नाव काय?